हवेत पाणी कुणी घातलं?

ती तक्रार आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग जरा ओशाळायला होतं. चोऱ्या, दरोडे, मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. पण कुणी हवेत पाणी घातलं अशी तक्रार खात्यात माझ्याशिवाय कुणी नोंदवून घेतली असेल असं वाटत नाही.

तेव्हा मी स्वारगेटच्या बाजूच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. खराडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ज्याच्या त्याच्या तोंडी सॉफ्टवेअर होतं, आणि आम्ही मात्र अजून कार्बन पेपर लावून जबाब लिहीत होतो. एके सकाळी ठाणे अंमलदारानं एका गृहस्थांना माझ्यासमोर आणून बसवलं. राहणार नारायण पेठ, धंदा मोटारी रंगवण्याचा.

"बोला, काय तक्रार?"

"पाणी येतंय."

"मग महापालिकेत जा. आम्ही काय करणार?"

"महापालिकेचं पाणी इतकं नेमानं येत नसतं, साहेब. हे माझ्या गनमधून येतंय."

गन म्हटल्याबरोबर आमचे हवालदार ताडकन उठून उभे राहिले. रंग फवारायची गन, हे समजल्यावर पुन्हा बसले. पेंटर पुराव्याच्या तयारीनं आले होते. बाहेर रिक्षात एका मोटारीचं अख्खं दार होतं. ताज्या लाल रंगावर पापडासारखे फोड आले होते.

प्रकरण असं होतं. एका पत्र्याच्या शेडमध्ये चार जणांचे धंदे: हे पेंटर, एक लेथवाले काका, एक सुतार आणि एक गॅरेजवाला. पूर्वी प्रत्येकाचा आपापला लहान कॉम्प्रेसर असे आणि चौघांचं मिळून कानठळ्या बसवणारं भजन चाले. त्या उन्हाळ्यात चौघांनी मिळून एकच मोठा कॉम्प्रेसर बसवला. कोपऱ्यात हवेची टाकी, तिथून शेडभर पाइप आणि प्रत्येकाच्या जागेत एक तोटी. हे सगळं बसवलं एका फिटरनं आणि देखभालही तोच करी. पेंटरांचा संशय त्याच्यावरच होता.

"तो मला अक्कल शिकवायला आला. मी चार लोकांत झापला. त्याच आठवड्यात तीन गाड्या वाया गेल्या. आता तुम्हीच जोडा दुवा."

मी दुवा जोडला. गंमत म्हणजे त्या फिटरचा कागद आधीपासूनच माझ्या टेबलावर पडून होता. खराडीच्या एका मोठ्या इमारतीत त्याला मेंटेनन्सची कायम नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं, पण पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला हातात घेऊनच. आणि मुद्दाम नुकसान केल्याचा तक्रार अर्ज चौकशीवर असताना 'काही आक्षेपार्ह नाही' असं मी लिहायचं तरी कसं? तो दिवस गुरुवार होता.

फिटरला बोलावून घेतलं. तिशीचा, सडसडीत माणूस. भंडाऱ्याकडचा, पण आठ-दहा वर्षं पुण्यात काढल्यानं बोली बरीचशी इथली झालेली.

"पाणी का घातलंस रे पाइपात?" मी थेट तोफ डागली.

"साहेब, पाणी घालावं लागत नाही. ते आपोआप येतं."

मग त्यानं मला शाळामास्तरासारखं समजावलं. हवेत दमटपणा असतोच. हवा दाबून टाकीत भरली आणि ती निवली की त्याचं पाणी होऊन तळाशी साचतं. ते पाइपात जाऊ नये म्हणून त्यानं सगळी लाइन किंचित उतरती बसवली होती आणि प्रत्येक तोटीचा फाटा पाइपाच्या वरच्या अंगानं काढून छत्रीच्या मुठीसारखा खाली वळवला होता. सांगताना गडी खुलला होता.

"आणि टाकीतलं पाणी?"

"खालचा कॉक रोज सकाळी उघडून काढायचं."

"कोण काढतं?"

"मीच."

"मग हल्ली काढतोस का नाही?"

इथं त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. दोनदा विचारलं, दरडावून विचारलं. मान खाली. शेवटी एवढंच म्हणाला, "मले काही सांगता नाही येत, साहेब." घाबरला की त्याची गावाकडची बोली वर येत असावी. हवालदार माझ्या कानाशी लागले, "साहेब, गप्प बसला म्हणजे कबूल झाला." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू? पण एक गोष्ट खटकत होती. पाणी येऊ नये म्हणून ज्यानं पाइप वरून वळवून आणले, तो माणूस पाणी सोडेल कशाला?

शुक्रवारी हवालदारांना घेऊन गेलो आणि शेडबाहेरच्या चहावाल्याकडे सहज चौकशी केली. आमच्या धंद्यात चहावाला म्हणजे चालतीबोलती स्टेशन डायरी. तो म्हणाला, "फिटर ना? रोज सकाळी येतो, त्या टाकीपुढं उकिडवा बसतो, बघत राहतो आणि हात न लावताच उठतो. दसऱ्यापासून हेच चाललंय. माणूस बिघडला का काय, कळत नाही."

तडक आत गेलो. टाकीपुढे मीही उकिडवा बसलो आणि पाहतो तर काय, टाकीला हळदकुंकवाची बोटं, वाळलेला झेंडू, आणि खालच्या कॉकच्या दांड्यापासून टाकीच्या पायापर्यंत लाल नाडाछडीचे सात-आठ वेढे, वर पक्की गाठ. खंडेनवमीची पूजा! नवा कॉम्प्रेसर, पहिलाच दसरा; नाडाछडी लेथवाल्या काकांनी हौसेनं बांधलेली, असं सुतारानं सांगितलं. दांडा हलवायचा तर धागा तोडायलाच हवा.

फिटरला बाजूला घेतलं. या वेळी आवाज खाली होता.

"या कॉकला हात का लावत नाहीस?"

"साहेब, आम्ही बौद्ध. दसऱ्याला मी दीक्षाभूमीला गेलो होतो, नागपूरला. परत येतो तर हे बांधलेलं. मी तोडला असता आणि कुणी म्हटलं असतं, ह्यानं आमच्या पूजेचा धागा तोडला, तर? मग पाण्याचं कुणी बोललंच नसतं. पेंटरसाहेबांना म्हणालो, जरा तुम्ही कॉक उघडता का. ते म्हणाले, तुझं काम मला सांगतोस?"

एक धागा न तोडण्यासाठी हा माणूस गुन्हेगार ठरायला तयार झाला होता. आणि मी त्याला तसा ठरवून मोकळाही झालो होतो.

लेथवाल्या काकांना हाक मारली. सत्तरीचे गृहस्थ, कपाळावर चष्मा. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, कमाल झाली! मी मशीनची पूजा केली, तिला कोंडून नाही ठेवलं. आणि तू रे शहाण्या, मला सांगायला काय झालं होतं? मी काय खातो तुला?" त्यांनी खिशातली छोटी कात्री काढली आणि फिटरच्या हातात दिली. "घे. तूच काप. तुझ्या हातची लाइन आहे."

फिटरनं धागा कापला, हळूच गुंडाळून काकांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, मागं व्हा."

मी मागं झालो. हवालदार झाले नाहीत. फुस्सकन गंजट तांबडं पाणी उसळलं ते त्यांच्या बुटांवरून थेट गुडघ्यापर्यंत. धार काही थांबेना. चहावाल्यासकट अख्खी शेड हसत होती. पेंटर तेवढे गंभीर चेहऱ्यानं पाण्याकडे बघत होते.

"साहेब, आरोपी सापडला. अटक करणार का?" ते म्हणाले.

"तुम्ही तक्रार मागे घेणार का, ते आधी सांगा."

पेठेतला माणूस, चुकलं असं तोंडानं म्हणेल तर शपथ. पण तिथंच स्टुलावर बसून त्यांनी अर्ज लिहिला: 'सदर तक्रार माझ्या गैरसमजातून व उर्मटपणामुळे झाली.' उर्मटपणा मी लिहायला सांगितला नव्हता. पुढे फिटर गेल्यावर रोज सकाळी टाकीतलं पाणी काढायचं काम पेंटरांनी स्वतःकडे घेतलं, असं चहावाल्यानं कळवलं.

शनिवारी फिटर दाखला न्यायला आला. "या, बसा," म्हणालो, चहा मागवला. सही करता करता राहवेना म्हणून विचारलं, "एवढंच होतं, तर गुरुवारीच का नाही हो सांगितलंत?"

तो कसनुसा हसला. "साहेब, गुरुवारी तुम्ही विचारलं, पाणी का घातलंस. काल विचारलं, हात का लावत नाहीस."

मी शिक्का मारला आणि दाखला त्याच्या हातात दिला. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं साधं मला कुणी सुनावलं नव्हतं. त्यानंतरही पुष्कळ माणसं माझ्यासमोर गप्प बसली. काही खरंच चोर होती. पण दर वेळी दरडावण्याआधी मी पुन्हा एकदा माझाच प्रश्न तपासून पाहिला.