बिराजदार सर आणि विहिरीतला काळा थर

बिराजदार सर भूगर्भशास्त्राचा पहिला तास वर्गात घेतच नसत. नव्या मुलांना ते स्टेशनच्या मालधक्क्यावर नेत. गिरण्यांच्या बॉयलरसाठी विदर्भातून आलेल्या कोळशाच्या वाघिणी तिथे रिकाम्या होत. "आधी हात काळे करा, पुस्तक मग उघडू की," म्हणत ते प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवत. तरुणपणी वर्धेच्या खोऱ्यातल्या एका कोळसा खाणीत त्यांनी मोजणीचं काम केलं होतं.

"हे दलदलीत गाडलं गेलेलं रान," ते सांगत. "आपल्या काळ्या फत्तराहून किती तरी जुनं. त्यावर लाव्हा आला, चादरीवर चादर टाकावी तसा. सोलापूर सगळ्यात वरच्या चादरीवर बसलंय. खाली काय झाकलंय ते छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका."

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा व्याख्याता होतो. दुष्काळाच्या वर्षी मैंदर्गीजवळच्या त्यांच्या गावाहून निरोप आला. गावची विहीर खोल करताना काळा, ठिसूळ दगड लागलाय, चुलीत टाकला की धुमसतो. आम्ही गेलो. सरांनी तुकडा हातात घेऊन मोडला, हुंगला आणि मला हळूच म्हणाले, "कोळसा नाही, चिखल आहे रे. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात इथं तळं असणार, त्यातला पालापाचोळा."

तेवढ्यात सरपंचांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. "आमच्या गावचा मानूस, कोळशाच्या खाणीतला सायेब! सर, कोळसाच हाय न्हवं?"

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. सर हसले. "असूही शकतो," म्हणाले.

तेवढ्या शब्दावर गावाने विहिरीचा तळ सोडला आणि त्या थरामागे आडवं खणायला घेतलं. परतताना एसटीत मी विषय काढला, तर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कळेल त्यांचं त्यांना." कळायला अख्खा उन्हाळा गेला. तोवर बायका लांबच्या ओढ्यात झरे उकरून पाणी आणत होत्या.

ते कानावर आलं तेव्हा सर माझ्याकडे आले. "चल माझ्याबरोबर. एकट्याला जाववत नाही."

देवळासमोर माणसं बसली होती. सर ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. "तो कोळसा नाही," म्हणाले. "आणि माझी चूक झाली असंही नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

घागर घेऊन चाललेली त्यांची चुलती, नागव्वा, थबकली. सर तिला कानडी रिवाजाने चिक्कव्वा म्हणत. "कळलं हुतं? मग बोलला का न्हाईस, सिदू?"

"सगळे कौतुकानं बघत होते, चिक्कव्वा. मोडवेना."

"आमी घागरी वाहत हुतो, तवा बी मोडवंना?"

एवढ्या मोठ्या माणसाला असं उभं असलेलं मला बघवेना. त्यांना धीर द्यायला कुणीही पुढे झालं नाही. शेवटी नागव्वाच म्हणाली, "पानी कुटं लागंल, ते तरी सांग."

"तळच खोल करा. लागेल असं वाटतं. खात्री नाही देत."

पाणी लागलं. फार नाही, पण लागलं. पूजेच्या दिवशी आम्ही गेलो, तर सर गर्दीच्या मागे उन्हात उभे राहिले. सगळ्यांचं झाल्यावर नागव्वाने तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, पण तोंडाला लावेनात.

"पी आता," ती म्हणाली. "आमचं पिऊन झालंय."