बारवेचं पाणी

१९३१ साली रहमतबी किन्हीराजा सोडून मंगरूळपीरला आली. तिचा नवरा बदरुद्दीन पिंजारी होता आणि गावाबाहेरच्या नव्या वस्तीत त्याला कापूस पिंजायचं काम मिळालं होतं. घरापासून वीस पावलांवर पायऱ्यांची बारव होती. शेजारची भंवरीबाई मात्र घागर घेऊन पार लांबच्या विहिरीवर जायची. रहमतबीला नवल वाटायचं, पण नव्या माणसानं किती विचारायचं, म्हणून ती बारवेचंच पाणी भरत राहिली.

वर्षभरानं बदरुद्दीनच्या घोट्यावर फोड आला, फुटला आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत, नारू, बाहेर आला. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागला. पाय पिकला आणि पुढे कायमचा आखडला.

"बाई, तुमी मले सांगतलं काहून नाही?" रहमतबी रडत म्हणाली.

भंवरीबाईनं मान खाली घातली. "त्या पाण्यात नारू हाय, हे तुले ठाऊक असंन वाटलं वं."

त्यानंतर वस्तीत कुणाची बैलगाडी उतरली, की रहमतबी आधी त्यांच्या दारात जाऊन बारवेचं पाणी पिऊ नका म्हणून सांगायची. काही जण ऐकायचे. काही म्हणायचे, "ही बाई बारव सोतासाठी राखून राह्यली," आणि तिच्यादेखत पायऱ्या उतरायचे.