मान खाली, हात मांडीवर

ये, जवळ बस. नागपुरात आहेस हे माहीत आहे मला, तरी बस; लिहिताना मी तुला समोरच बसवते. आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. "पोरीले कायले दवाखान्यात नेता, पागल आहे का?" असं फोनवर म्हणायला तुझं काय गेलं? तू तिची आत्या. विचारायचं तर इथं देवरीला येऊन विचारायचं.

तुझ्या भावाची ही पोरगी पाचवीत आहे. हायवेवरच्या बसचा हॉर्न ऐकून सांगते, ही गोंदियाची, ही रायपूरची. पण पेपरात पहिली गणितं बरोबर, मग खिडकीबाहेर साळुंकी दिसते आणि खालचा कागद कोराच. वहीत अर्धं वाक्य, डबा शाळेत, एक चप्पल कुठं तर देवाला माहीत. शेजारणीच्या सांगण्यावरून पुजाऱ्याकडून गंडा आणून बांधला. तो तिनं परिपाठ चालू असताना चावून चावून तोडला. यंदाच्या नव्या बाई मात्र म्हणाल्या, ही आळशी नाही, हिचं लक्ष टिकत नाही, डॉक्टरकडून तपासून घ्या. नाहीतर पोर स्वतःलाच ढ समजेल.

समजून तर राहिलीच होती. मोहफुलं वेचता वेचता मला म्हणाली, "आजी, माझं डोकं खराब आहे का?" त्या दिवसापासून मला चैन नाही. टोपली भरली की नाही तेही आठवत नाही.

तर निघालो गोंदियाला, मी, पोरगी आणि तुझी वहिनी. वहिनीनं तेल लावून घट्ट वेण्या घातल्या आणि दोन दिवस एकच घोकून घेतलं: मान खाली, हात मांडीवर, विचारलं तेवढंच बोलायचं. पाहुणे मुलगी पाहायला येतात तेव्हा शिकवतो ना आपण, अगदी तसं. पोरीची खोड उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, ही आपल्याकडची रीत. मीही मान हलवली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, तिकीट एका सीटचं काढलं, अन् पोरगी चार सीटवर बसून राहिली." दवाखान्यात नंबर येईपर्यंत ती वजनकाट्यावर चढत होती, उतरत होती.

आत गेली आणि पुतळा झाली. मान खाली, हात मांडीवर. मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई, बोलणं हिंदी. म्हणाल्या, "घर पर भी ऐसे ही बैठती है?"

"हां मॅडम, बहुत शांत है," वहिनी म्हणाली.

अभ्यास? ठीक. वस्तू हरवते? नाही. कुणाचं ऐकते? सगळ्यांचं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. मग आलात कशासाठी, असं त्यांनी तोंडानं विचारलं नाही, पण मला ऐकू आलं. माझी नजर पोरीच्या पायांकडे गेली. चपलेतल्या चपलेत बोटं नाचत होती, बिचारी.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "आजी, अजून कितीक वेळ चांगलं राहाचं?"

मग माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, हे शांत नाही. आम्ही हिले शांत बसवून आणलं." आणि सगळं सांगितलं, गंड्यासकट. वहिनी माझं लुगडं ओढत होती. उद्या गावभर होईल, हिला सून कोण करून घेईल, असं पुटपुटत रडायलाच लागली. डॉक्टरीणबाई पोरीला म्हणाल्या, ऊठ बेटा. ती उठली ती थेट पंख्याच्या बटनापाशी, तिथून खिडकीत, तिथून टेबलावरचं घड्याळ उलटं करून पाहायला.

एका भेटीत काही नाव देता येत नाही म्हणाल्या. पुन्हा बोलावलंय, शाळेतल्या बाईंशीही बोलायचंय. तोवर माझा जीव असा टांगणीला. पण पोरीला त्यांनी एक सांगितलं, तेरा दिमाग खराब नहीं है. परतीच्या बसमध्ये ते तिनं कंडक्टरलाही सांगितलं.

आणि हो, आम्ही निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणी असं होतं का? वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे. शेवटी तुझं नाव सांगितलंच. दहावीपर्यंत तुझं दप्तर रोज कोण शोधत होतं गं? तुझा एक पाय आंब्यावर, एक शाळेत. डॉक्टरीणबाईंना ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय. पोरगीही विचारून राहिली, आत्या खरंच माझ्यासारखी होती? तिला माझं पटत नाही. तेव्हा लवकर ये, बाई, आमच्या दुसऱ्या खेपेच्या आधी. येताना चपला दोन्ही घालून ये.