कफिलाचा जामीन

"शिलेदार की बारगीर?"

कंपनीत नवा मराठी माणूस आला की हात मिळवण्याआधी आमचे एक साहेब हा प्रश्न विचारायचे. समोरचा गोंधळला की स्वतःच समजावून सांगायचे, "स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. सरकारच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. इथं घर कंपनीचं, गाडी कंपनीची, पासपोर्टसुद्धा कंपनीच्या कपाटात. तेव्हा बारगीर म्हणून मोकळे व्हा. मीही तोच आहे." मग हात पुढे यायचा.

मी सौदीत यान्बूला आलो तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. ते माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, मीटर आणि झडपांच्या देखभालीचे प्रमुख. मला वाटलं, इतिहासाचा नाद असलेला एखादा रिकामटेकडा साहेब असेल. तुम्हालाही असे साहेब भेटले असतील. पण हे रिकामटेकडे नव्हते, आणि त्यांचा नादही साधा नव्हता. त्यांना राजे आवडत नसत. राजांनी हाकलून दिलेली माणसं आवडत. विलायतेतल्या जंगलात लपणारे तिरंदाज, आपल्याकडच्या खोऱ्यांतले पुंड, अरबस्तानात टोळीबाहेर काढलेले लुटारू, यांच्या जुन्या दंतकथा ते मिळेल तिथून मिळवून वाचत. त्यापायी अरबीही शिकले होते, पुस्तकातून. बाजारात 'हे कितीला?' विचारताना अडायचे, पण खोगीर, लगाम, चिलखत, भाला यांना जुन्या अरबीत काय म्हणतात ते फाडफाड सांगायचे.

"घरात कांदा संपला की यांचा घोडा लंगडतो," त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या.

त्या काळी तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे. गुरुवारी संध्याकाळी आमच्या वसाहतीतली मुलं त्यांच्या दिवाणखान्यात गोष्टी ऐकायला जमत. मुलं इंग्रजीत विचारत, हे मराठीत उत्तर देत. एकदा माझ्या मुलीनं विचारलं, "अंकल, हा गुड आहे का बॅड?" गोष्टीतल्या दरोडेखोरानं तेव्हा चुकून एका विधवेची शेळी पळवली होती.

"अजून ठरायचंय," ते म्हणाले. "शेळी कुणाची ते त्याला आत्ताच कळलंय. आता तो काय करतो ते बघू."

मुलं पुढे सरकून बसली. चहाचे कप घेऊन आलेल्या वहिनीही तिथेच टेकल्या.

आम्ही अधूनमधून जेवायला जायचो त्या खानावळीत रत्नागिरीकडचे इस्माईलभाई स्वयंपाकी होते. मालक सौदी, तो इस्माईलभाईंचा कफील. त्याच्या सहीशिवाय त्यांना देश सोडून सुट्टीवर जाता येत नव्हतं. आम्हाला बघितलं की इस्माईलभाई न सांगता भातावर जास्तीचं कालवण घालायचे. एक दिवस ते टेबलापाशी येऊन नुसते उभे राहिले.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"आय मला इसरायला लागलीय, साहेब. फोनवर म्हणते, कोण इस्माईल? पुरती इसरायच्या आत एकदा समोर जाऊन बसायचंय. कफील सोडत नाय."

सोडत नव्हता त्याला कारण होतं. आधीचा स्वयंपाकी सुट्टीवर गेला तो परत आलाच नव्हता, आणि खानावळ कितीतरी दिवस बंद पडली होती.

गाडीत बसल्यावर यांनी चावी फिरवली, पण गाडी काढली नाही. मग म्हणाले, "शुक्रवारी मोकळा आहेस ना? त्या कफिलाला भेटून येऊ." मी म्हटलं, आपला काय संबंध, उगाच कंपनीपर्यंत तक्रार गेली तर? ते म्हणाले, "मग तू गाडीत बस. रस्ता दाखवायला तरी चल."

कफील म्हातारा होता. गावापासून आत, डोंगरांमधल्या जुन्या यान्बूत त्याची खजुराची बाग होती. सगळे त्याला अबू सालेह म्हणत. दुपारच्या नमाजानंतर आम्ही पोचलो. त्यानं ओळखदेख नसताना आत बसवलं, कहवा दिला, खजूर पुढे केले. मला कारखान्यात कानावर पडून शिकलेली अरबी येत होती. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात यांनीच सुरुवात केली. ऐकता ऐकता म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या.

"हा माणूस मशिदीतल्या शुक्रवारच्या प्रवचनासारखा, खुतब्यासारखा बोलतो," तो मला म्हणाला. "यानं अरबी शिकली कुठं?"

मी म्हटलं, पुस्तकांत. म्हातारा हसला. हे खुलले, आणि तिथेच घसरले. जुन्या गोष्टींत टोळीबाहेरच्या शूर लुटारूला 'सुअलूक' म्हणतात. यांनी मोठ्या आदरानं विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणी सुअलूक होऊन गेले का?" आजच्या बोलण्यात त्या शब्दाचा अर्थ भामटा असा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याचा हात कहव्याच्या किटलीवर थांबला. मी घाईघाईनं सांगितलं की यांना जुन्या काळातले म्हणायचेत, वाळवंटात भटकणारे, गरिबाला खाऊ घालणारे, घोड्यावरचे.

म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली. "तसले होते," तो सावकाश म्हणाला. "माझ्या आजोबांचे एक काका होते." आणि त्यानं त्या काकांची गोष्ट सांगितली. ती संपेपर्यंत आमच्यासमोर भाताचं ताट आलं होतं.

जेवणं झाल्यावर यांनी इस्माईलभाईंचा विषय काढला. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली. "तो चांगला माणूस आहे. आधीचाही चांगलाच होता. गेला तो गेला."

यावर हे जे बोलले ते आम्ही ठरवलं नव्हतं. निदान मला तरी ठाऊक नव्हतं. ते ताठ बसले आणि म्हणाले, "अना कफील." मी कफील.

मला वाटलं, पुन्हा शब्द चुकला. म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. पण शब्द चुकला नव्हता. कफील म्हणजे मुळात जामीनच. इतकी वर्षं आम्ही तो शब्द मालक म्हणून ऐकत होतो; यांनी तो त्याच्या जुन्या अर्थानं वापरला होता. "इस्माईल परत येईपर्यंत मी जामीन. दर शुक्रवारी इथं येऊन तुमच्यासमोर बसेन. तो आला नाही तर मला जबाबदार धरा."

अबू सालेह इतका हसला की त्याला खोकला आला. "माझा कफील," तो डोळे पुसत म्हणाला. "उभ्या आयुष्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं." मग गंभीर होऊन म्हणाला, "जुन्या गोष्टींत गेलेला परतला नाही तर जामिनाची मान जाते. तुझी मान घेऊन मी काय करू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा," हे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सही झाली आणि इस्माईलभाई गेले.

यांनी शब्द पाळला. दर शुक्रवारी गाडी काढून ते बागेत जायचे. वहिनी विचारायच्या, "ओलीस जेवून येणार की घरी जेवणार?" ते जेवूनच यायचे, आणि नवी गोष्ट घेऊन. पण महिना उलटला, इस्माईलभाईंचा फोन नाही, निरोप नाही. कारखान्यात लोक कुजबुजायला लागले. आमचा मोठा साहेब एकदा यांना सरळ म्हणाला, "तो सौदी उद्या कंपनीत आला तर तुझी नोकरी जाईल, कळतंय का?" त्या दिवशी ते डबा तसाच परत घेऊन गेले. मी विचारलं, "भीती वाटते का?"

"वाटते," ते म्हणाले. "गोष्टीतल्यांनाही वाटत असणार. लिहिणाऱ्यांनी तेवढं गाळलं."

त्या शुक्रवारी मीही सोबत गेलो. अबू सालेहनं इस्माईलभाईंबद्दल चकार शब्द काढला नाही. नेहमीसारखं जेवू घातलं, आणि निघताना यांच्या हातात खजुराची पिशवी ठेवली. "बायकोला दे. ती माझ्यावर रागावली असेल."

परतीचा व्हिसा संपायला आला तेव्हा एका संध्याकाळी इस्माईलभाई यांच्या दारात उभे राहिले. थकलेले, दाढी वाढलेली, हातात आमसुलांची पुडी. फोन का केला नाही, असं वहिनींनी विचारल्यावर म्हणाले, "काय सांगू म्हणून करणार फोन? आय माझ्याच हातनं जेवत होती. निघायचं म्हटलं की पाय उचलत नव्हता. साहेबांचा विचार आला, मग निघालो."

"ओळखलं का तिनं?" यांनी विचारलं.

"मला नाय ओळखलं. पण भात खाल्लान आनि शेजारणीला म्हणाली, माझा इस्माईल असाच रांधतो." त्यांनी आमसुलांची पुडी वहिनींपुढे केली. "मी म्हटलं, रांधत असंल. एवढं पुरलं मला."

यांनी इस्माईलभाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. वहिनी पानं वाढायला आत गेल्या.

जामीनकी संपली, शुक्रवार मात्र संपले नाहीत. पुढची तीन-चार वर्षं ते बागेत जातच राहिले. त्यांची अरबी काही सुधारली नाही. उलट अबू सालेहच अधूनमधून पुस्तकी शब्द वापरायला लागला, असं त्याचे मुलगे तक्रारीच्या सुरात सांगत. मग यांचं निवृत्तीचं वय झालं आणि ते नवराबायको सांगलीला परत गेले. दिवाणखान्यातली मुलं गुरुवारी काय करायचं ते न कळून दोन-चार आठवडे आमच्याच घरात धुडगूस घालत राहिली.

ते गेल्यावर वर्षभरानं इस्माईलभाई आणि मी ईदच्या भेटीला बागेत गेलो. बैठकीत पाहुणे भरले होते आणि अबू सालेह गोष्ट सांगत होता. हिंदुस्थानातला एक माणूस वाळूच्या वादळातून एकटा त्याच्या दारी आला होता. आल्या आल्या त्यानं सलाम केला आणि एका स्वयंपाक्यासाठी आपली मान पुढे केली. इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. यांच्यासोबत मी पहिल्यांदा आलो त्या दिवशी हवा स्वच्छ होती, आणि आमच्या गाडीचा एसी जास्त झाला म्हणून मी तो कमी केला होता. मी नुसती मान डोलावली.

"त्याचं नाव काय होतं?" एका पाहुण्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग माझ्याकडे वळला. मी नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा जीभ अडली. "अल-हिंदी," तो पाहुण्याला म्हणाला, आणि आम्हाला बसायला जागा करून देत पुढची गोष्ट सांगू लागला.