चेंज की मॉडिफाय

इंग्रज सरकारला आपल्या हुकुमापासून मागे सरकवणारा एकच माणूस बेळगावात होता, आणि तो वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. हे शेजारचे आप्पा कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे इंग्रजी अर्ज लिहीत. बदलाला इंग्रजीत डझनभर शब्द आहेत आणि त्यातला एक चुकला की संसार बुडतो, अशी त्यांची श्रद्धा होती. शिंप्याने त्यांचा कोट सैल करून आणला तेव्हा, "ह्यो ऑल्टर झालाय, चेंज न्हवं. चेंज म्हंजे दुसराच कोट," असं त्याला अर्धा तास समजावलं, बिचारा मजुरी न घेताच पळाला. आमटीत वरून मीठ घालण्याला ते अमेंड म्हणत, आणि काकू पळी आपटत. एकदा सांबऱ्याचा एक शेतकरी आला. नव्या सडकेत त्याची विहीर जाणार होती. "हुकूम बदला म्हनून लिवा," तो म्हणाला. आप्पांनी टाक खाली ठेवला. "चेंज म्हटलं की सायेब चुकला असं हुतंय. आन् सायेब कधी चुकत न्हाय रं. मॉडिफाय लिवतो. हुकूम ऱ्हातोय, सायेब शाना ऱ्हातोय, सडक तेवढी वाकतीय." सडक खरोखरच वाकली. त्यानंतर आप्पांशी शब्दावरून वाद घालायला कुणी धजेना.

धजली ती त्यांचीच मुलगी, माझ्या वर्गातली सुशी. आप्पांनी निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे तिचं लग्न ठरवलं होतं, आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. लग्नाचा हुकूम चेंज करावा, असा रीतसर अर्ज लिहून ती मला घेऊन चिंचेखालच्या रांगेत उभी राहिली. आप्पांनी चष्मा पुसून अर्ज वाचला आणि सवयीने चेंज खोडून मॉडिफाय लिहिलं. "मॅट्रिक झाल्यावर लगीन. मग तर झालं?"

"न्हाय आप्पा," सुशी म्हणाली, "मला चेंजच म्हनायचंय."

आप्पांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. मग पेटी आवरून दुपारच्या मोटारीने निपाणीला गेले, आणि व्यापाऱ्यापुढे हात जोडून "चूक माजी हाय" म्हणून लग्न मोडून आले.

पुढच्याच वर्षी माझं लग्न ठरलं. माझ्या वडिलांना, अण्णांना, इंग्रजी येत नव्हतं, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आले. खरं म्हणजे हे लग्न नको, असं मी त्यांना मराठीतही कधी म्हटलं नाही.