पाचवी ‘ब’चं संग्रहालय

कुमुदआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून तावातावाने भांडत होतो. फोन कानाला लावला, ऐकला, आणि काय करावं ते न सुचून भांडण पुरं केलं. हरलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या असत्या तर म्हणाल्या असत्या, हरलास ते ठीक, पण मुद्दा मांडलास ना नीट?" तेव्हा कुठे मला रडू फुटलं… एवढा उशीर लागतो मला. माझा मेंदू आमच्या इमारतीच्या लिफ्टसारखा आहे. येतो, पण बोलावल्यावर लगेच येत नाही.

रडून झालं. लिहायचं काही मनात नव्हतं. पण आठवड्याभराने घाटकोपरच्या आमच्या जुन्या शाळेचा शोकसंदेश व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. ‘आमच्या माजी शिक्षिका कुमुदताई यांनी जुन्या वस्तूंचे सुंदर प्रदर्शन भरवून विद्यार्थ्यांवर उत्तम संस्कार केले.’ खाली हात जोडलेले, फुलं, दिवा. मी ते वाचलं आणि खरं सांगतो, डोकंच फिरलं. सुंदर प्रदर्शन! ज्यांनी आमच्या आत्याला त्याच गोष्टीपायी शाळेबाहेर काढलं, त्यांनीच आता त्याला फुलं वाहावीत? म्हणून हे लिहितो आहे. मला लेखक वगैरे समजू नये; घरातल्या लग्नामुंजीत जेवणानंतर जुने किस्से सांगणारा जो एक जाडसर इसम असतो, तो मी. पण हा किस्सा माझ्या डोळ्यांदेखत घडला, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका घोटाळ्याचा थोडा वाटा आहे.

कुमुदआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घाटकोपरच्या त्या मराठी शाळेत नुकती लागली होती, अजून कायम झाली नव्हती. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. माझं दुर्दैव असं की पाचवी ‘ब’ तिच्याकडे आली आणि त्याच वर्गात मी. घरी ‘आत्या’, शाळेत ‘बाई’. एकदा वर्गात चुकून ‘आत्या, शू’ म्हणालो, त्यावरून पोरांनी मला दहावीपर्यंत चिडवलं.

त्या वर्षी ती आम्हाला फोर्टातलं मोठं संग्रहालय बघायला घेऊन गेली. तलवारी, चिलखतं, कुणा सरदाराचा हुक्का, कुणा राणीची फणी. पहारेकरी सारखा ओरडत होता, "हात लावू नका रे!" परत निघताना आमच्यातला एक जण म्हणाला, "बाई, एवढं सगळं ठेवलंय, मग आपल्या घरातलं काहीच कसं नाही इथे?" दुसरी कुणी बाई असती तर हसली असती. आत्या तिथेच पायरीवर थांबली. "नाही ना?" ती म्हणाली. "मग आपण करू. आपल्या वर्गात."

तिचे नियम थोडेच होते, पण लोखंडी. विकत आणलेली, शोभेची वस्तू चालणार नाही. घरात कुणीतरी वापरून वापरून झिजवलेली हवी. ज्याची वस्तू त्याने तिच्याजवळ उभं राहायचं. बघणाऱ्याने नुसतं ‘छान छान’ करून पुढे जायचं नाही, एक तरी प्रश्न विचारायचा. आणि एकदा मांडलेली वस्तू संध्याकाळी सहापर्यंत हलणार नाही, कुणीही मागितली तरी. आम्ही बाकं भिंतीला लावली, त्यांवर आयांच्या जुन्या साड्या पसरल्या. मिलमधला, मागावर सूत घेऊन धावणारा धोटा आला, घासून घासून बशीसारखा खोलगट झालेला पाटा आला. एकाने नळाच्या रांगेत नंबर लावायचा डबा आणला. बुडाला भोक, पाणी एक थेंब राहत नव्हतं, पण पहाटे रांगेत आईच्या जागी तो उभा राहायचा. त्या डब्याला मान होता. आमच्या चाळीत माणसाला ढकलून पुढे गेलेले लोक मी पाहिले आहेत, त्या डब्याला ओलांडून गेलेला कुणी पाहिला नाही.

मी नेली आण्णांची कवळी. आण्णा म्हणजे आमचे आजोबा, आत्याचे वडील. त्यांची जुनी कवळी पत्र्याच्या डबीत पडून असायची, नवी वाडग्यातल्या पाण्यात. सकाळच्या घाईत मी वाडग्यातली उचलली. चालू कवळी! मला पत्ताच नाही. मोठ्या दिमाखात मांडली, शेजारी चिठ्ठी लावली, ‘या दातांनी आमच्या आजोबांनी मुंबई खाल्ली’, आणि उभा राहिलो.

दुपारी आण्णा स्वतः आले. धोतर, काळी टोपी आणि आत गेलेले गाल. मालवणी माणूस, भुकेला, त्यातून दात नाहीत. दारातूनच लेकीला म्हणाले, "गो कुमुद, माझे दात दी गो माका! सकाळपासना पेज पितंय!" अख्खा वर्ग फुटला. मी बाकाखाली जागा शोधत होतो. आत्याने वडिलांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "आण्णा, सहा वाजता." आण्णांनी तिला मालवणीतल्या सगळ्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या, दात नसल्यामुळे त्यांतली निम्मी हवेत विरली. मग जाणार कुठे, तिथेच बसले. बघायला येणारे आधी कवळी बघायचे, मग आण्णांना. प्रश्न सगळे त्यांनाच. हळूहळू म्हातारा खुलला आणि मुंबई कशी खाल्ली ते सांगू लागला.

माझ्या समोरच्या बाकाशी संगीता उभी होती. बारीक चणीची, कमी बोलणारी. तिचं कुटुंब घाटावरून आलेलं, बौद्ध, वडील कारखान्यात. तिने आणली होती एक काठी. उंच, काळपट, मुठीशी गुळगुळीत, आणि वरच्या टोकाला छोट्या छोट्या भोकांची ओळ. तिचे आजोबा ती द्यायला तयारच नव्हते म्हणे. शेवटी दिली ती एका अटीवर, की कुणीही सांगितलं तरी तिने ती स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवायची नाही.

चारच्या सुमारास संस्थेचे चिटणीस पाहुण्यांना घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, वर्गातले पंखे त्यांनीच मिळवून दिलेले. कवळीपाशी पोट धरून हसले. मग संगीताकडे वळून नियमाप्रमाणे त्यांनी प्रश्न विचारला. "काय गं बाळ, काठी कुणाची? आजोबा पोलिसात होते वाटतं?"

"पणजोबांची," संगीता म्हणाली. "ते गावचे येसकर होते. गावाची वर्दी द्यायची, वेशीवर राखण करायची, आणि भाकरी मागून आणायची. इथे घुंगरं होती. ती वाजली की लोकांना कळायचं, महार येतोय, सावली पडेल, बाजूला व्हा. माझ्या आजोबांनी गाव सोडलं तेव्हा घुंगरं उपटून नदीत टाकली. ही त्याची भोकं."

चिटणिसांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग आत्याला जरा बाजूला घेतलं. बाजू म्हणजे माझी कवळी, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला. "बाई, हे कशाला उकरून काढायचं? शाळेत जातपात नको आपल्याला. मुलांची मनं कलुषित होतात. ती काठी कपाटात ठेवा, पाहुणे गेले की बघू."

"मुलं सकाळपासून तिला प्रश्न विचारतायत साहेब," आत्या म्हणाली. "कुणाचं मन बिघडलेलं मला तरी दिसलं नाही."

"मी विनंती करतोय."

"ते समोर बसलेत ते माझे वडील. सकाळपासून जेवले नाहीत. त्यांचे दात मी नियमाप्रमाणे दिले नाहीत. मग या मुलीची काठी कुठल्या तोंडाने काढू?"

इतक्यात आण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "काढू नको गो!" त्यांचा आवाज पार व्हरांड्यात गेला. "माझे दात ऱ्हवले तर तिची काठी पण ऱ्हवतली!"

चिटणीस सरळ संगीतापाशी गेले. आवाज मऊ करून म्हणाले, "बाळ, तू शहाणी ना? तूच ठेव बरं बाजूला. उद्या दुसरं काहीतरी छान आण." तिने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "दुसरं काही नाही आमच्याकडे," ती म्हणाली. "आणि आजोबांनी नाही सांगितलंय."

"मग सगळंच बंद करा!"

"करते ना," आत्या म्हणाली. "सहाला."

चिटणीस निघून गेले. शिपायाकरवी आमचे दिवे आणि पंखे बंद झाले. पण तोवर बातमी वस्तीत पोचली होती. आया आल्या, पाळीवरून सुटलेले बाप आले, घामाघूम होऊन एकमेकांच्या खांद्यावरून बघत राहिले. संगीताला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली आणि दर वेळी तिचा आवाज थोडा मोठा होत गेला. सहा वाजले, आत्याने टाळी वाजवली, आण्णांनी सगळ्यांसमोर कवळी बसवली आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते मला उद्देशून. ते इथे छापण्यासारखं नाही.

वर्ष संपलं तेव्हा आत्याला कायम केलं नाही. कारण दिलं नाही. आमचे बाबा हवालदिल. "कुमुद, एक सॉरी लिहून दे ना! कशाला स्वतःची वाट लावून घेतेस?" आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहिते की. पण कशाबद्दल, दातांबद्दल?" पुढे ती मुलुंडला महापालिकेच्या शाळेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. तिथे वर्ग दोन पाळ्यांत वाटलेला, कपाट नाही, तरी दर वर्षी तिचं संग्रहालय भरायचंच. कुणी थोपवलं की ती म्हणायची, "लेखी द्या." लेखी कुणीच देत नसे. ती शूर होती म्हणावं तर झुरळाला घाबरायची. मला वाटतं, तिला फक्त मागे सरकता येत नसे. शरीरात ती सोयच नव्हती.

शोकसंदेशानंतर घाटकोपरच्या शाळेतून फोन आला. त्यांनी नवं काचेचं कपाट केलंय, ‘आठवणींचा कोपरा’. कुमुदताईंची एखादी वस्तू मिळेल का? मला नाही म्हणायचं होतं, चांगलं झणझणीत. पण आधी संगीताला फोन केला. ती आता बँकेत अधिकारी आहे. आत्याकडे तिचं जाणं-येणं शेवटपर्यंत माझ्यापेक्षा जास्त होतं. ती म्हणाली, "नाही कशाला म्हणतोस रे? दे. चिठ्ठी मी लिहिते."

आत्याच्या मुलुंडच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला तिची वायरची हिरवी पिशवी अजून लटकत होती. तिने स्वतः विणलेली, एक बंद तुटून सुतळीने बांधलेला. तीच घेऊन आम्ही दोघं शाळेत गेलो. सध्याच्या मुख्याध्यापिका तरुण आहेत. संगीताने पुढे केलेली चिठ्ठी त्यांनी वाचली. ‘ही कुमुदबाईंची पिशवी. यातून त्या आमच्या वह्या घरी न्यायच्या. या शाळेने त्यांना कायम केलं नाही. का, ते विचारा.’

त्यांनी ती पुन्हा वाचली. "शेवटची दोन वाक्यं गाळली तर?"

"मग नुसती पिशवी उरते, मॅडम," संगीता म्हणाली. "तशा बाजारात मिळतात."

"ट्रस्टींनी विचारलं तर काय सांगू मी?"

"विचारू दे ना. त्यासाठीच लिहिलंय."

मुख्याध्यापिकांनी खणातून किल्ली काढली आणि स्वतः व्हरांड्यातलं कपाट उघडून पिशवी आणि चिठ्ठी आत ठेवली.

मधली सुट्टी संपली होती. पाचवीचा की सहावीचा एक वर्ग व्हरांड्यातून रांगेने निघाला होता. संगीताने मला कोपराने ढोसलं, "उभा राहा जवळ." या वयात, सुटलेल्या पोटासकट, मी कपाटाशेजारी सावधान उभा राहिलो. मुलं बघत बघत पुढे जात होती. एक दोन वेण्यांची मुलगी थांबली. काचेला नाक लावून तिने चिठ्ठी वाचली, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं.

"का नाही केलं कायम?"

मागची रांग तुंबली. पुढून त्यांच्या बाई ओरडल्या, "चला गं, चला, थांबायचं नाही!"

पोरगी हलली नाही.