दोन कंपन्यांचा कौल

मंगळवार, सकाळचे दहा. डिचोली पोलीस स्थानक. हजर: तक्रारदार सात, सगळे खाणीवरचे जुने ट्रकमालक, संशयित एक, ठाणे अंमलदार हवालदार, आणि तपासी अधिकारी म्हणून मी. निवृत्तीला चार वर्षे झाली, तरी त्या सकाळची हजेरी मला तोंडपाठ आहे.

तक्रार सरळ होती. खाणी बंद पडल्यावर सातही जणांनी ट्रक विकले आणि पैसे गावातल्या एका माणसाच्या खात्यातून शेअरमध्ये घातले. हा माणूस फायबर केबल जोडण्याचे काम करी. या केबलमधून प्रकाशाने संदेश पाठवणारी यंत्रे दोन स्पर्धक कंपन्या बनवत, आणि त्याने दोन्हींची यंत्रे हाताळली होती. पैसे त्या दोहोंतल्या दुसऱ्या कंपनीत गेले. वर्षभरात तिचा भाव कोसळला. सातांचे म्हणणे एकच: यानेच ती कंपनी गळ्यात मारली, याला दलाली मिळाली.

झडतीत त्याची वही सापडली. पानाच्या मधोमध रेघ. पहिली कंपनी: गिऱ्हाइके पुष्कळ, कर्ज कमी, यंत्र उन्हापावसात टिकते. दुसरी: भाव झपाट्याने वाढतोय, पण सगळा धंदा एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर, ते गेले तर संपले. खाली लिहिले होते, ‘पहिली घ्यावी.’ पुढे झाले ते तसेच. ते गिऱ्हाईक पहिलीकडे गेले.

मी विचारले, “पहिली घ्यावी असे तूच लिहिलेस. मग पैसे दुसरीत का घातलेस?”

“घातले, सायबानू.”

“दलाली किती मिळाली?”

“माझे सोताचे पण त्यातच बुडाले. बँकेत जावन बगा.”

बँकेत पाहिले. दलालीचा एक पैसा नव्हता. पण ‘का’ विचारले की तो मान खाली घाली. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी खबर दिली ती स्थानकावर रोज पाव घालणाऱ्या पोदेराने. टोपली उतरवत तो म्हणाला, “सायब, त्या बापड्याक कित्याक बसवन ठेवलात? कंपनी त्येने खंय निवडली? देवान निवडली.”

मी गावच्या देवळात गेलो. गुरवाने आधी पाणी दिले, मग सांगितले.

“सगळे आठ जण होते. त्येने वही वाचून दाखवली, पयली घेवया म्हणालो. हे सात जण म्हणाले, दुसरीचो भाव रोज चडता. वाद मिटना. मगे देवाक ओल्यो पाकळ्यो लावल्यो, आदी पडात तो देवाचो कौल. उजवी पयलीची, डावी दुसरीची. डावी पडली.”

“हे जबाबात सांगाल?”

“देवाचो कौल चुकलो म्हणान मी सांगू? माका ह्याच गावात रवचा आसा.”

सातांना पुन्हा बोलावले. सगळ्यांत मोठा म्हणाला, “कौल? कसलो कौल?” दुसरा म्हणाला, “सायब पोदेराचो पाव खातत, तेच्याच बातम्यो पण खातत.” बाकीचे हसले नाहीत.

मी संशयिताला एकट्याला बसवले. “आता तरी सांग. नाहीतर फसवणुकीचे कलम लागेल.”

“कौल लागात तसा करूचा म्हणान आमी आठ जणांनी शब्द दिल्लो. त्यात माझोव शब्द होतो. आता कोर्टात मी देवाचा नाव घेव?”

त्याने नाव घेतले नाही. आरोपपत्र गेले. त्यात गुरवाचा जबाब नाही. तपासात दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही, हे मला ठाऊक होते. तो सांगेल ते मी लिहून घेऊ शकत होतो, आणि ते माझे कामच होते. पण माझ्या मुलीचे लग्नही त्याच देवळात कौल लावून ठरले होते. डायरीत मी लिहिले, ‘देवळात चौकशी केली, उपयुक्त माहिती नाही.’

खटला अजून चालू आहे. त्या माणसाला कोणी केबल जोडायला बोलावत नाही. गाव सोडून तो हळर्णला सासुरवाडीत राहतो, दुसऱ्यांच्या बागायतीत कामाला जातो. बाजारात एकदा दिसला. मला नमस्कार केला.

नोकरीत मी शिकलो की खोटे बोलणारा माणूस दोन दिवसांत सापडतो. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचे ठरवले, तर त्यावर कलम नाही. त्या गप्प बसणाऱ्यांत मीही होतो, हे या प्रकरणाने शिकवले.

गुरव मला काय म्हणाला, ते न्यायालयाला अर्जाने कळवायचे आहे. गुरव गेल्या वर्षी वारला. त्याच्या तोंडून ते ऐकलेला मी एकटा उरलो आहे. अर्ज अजून दिलेला नाही.